अक्कलदाढ, लहान जबडा आणि उत्क्रांती: डिचोलीच्या ताईंना उत्तर

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या २४ वर्षांच्या मुलीला अक्कलदाढ आलीच नाही. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा मिळून एक एक्स-रे, काढला तर हाडाच्या आतही चारपैकी एकीचाही मागमूस नाही. १९ वर्षांच्या मुलाची खालची डावी अक्कलदाढ मात्र आडवी होऊन अडकली आहे. सहा महिन्यांत दोनदा हिरडी सुजली, तोंड उघडेना, आणि डॉक्टरांनी दाढ काढायला सांगितलं. सांगता सांगता ते म्हणाले, "माणसाचा जबडा लहान होत चाललाय, उत्क्रांती आहे ती." घरात सासरे ७८ वर्षांचे, त्यांचे ३२ च्या ३२ दात जागेवर. ताई विचारतात: हे खरंच उत्क्रांतीमुळे होतंय का? तसं असेल तर मुलगी "पुढची" आणि मुलगा "मागचा" असं म्हणायचं का? देवाने दिलेला दात काढून टाकायचा का? आणि मुलीच्या मुलांना अक्कलदाढ येईल की नाही?

ताई, मी फोंड्यात २६ वर्षं दातांचा दवाखाना चालवते. "जबडा लहान होत चाललाय" हे वाक्य मीही सुरुवातीची बरीच वर्षं पेशंटना सांगत होते. ते ऐकायला बरं वाटतं, पेशंटचं समाधानही होतं. पुढे माणसाच्या जुन्या हाडांबद्दल वाचायची गोडी लागली आणि लक्षात आलं, की आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबतोय. लाखो वर्षांत माणसाचा चेहरा कसा आखूड झाला, ही एक. एखाद्या मुलाचा जबडा त्याच्या लहानपणी किती वाढला, ही दुसरी. आणि या महिन्यात या एका दाढेचं काय करायचं, ही तिसरी. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं पहिल्या गोष्टीपुरतं बरोबर आहे. पण त्यातून तिसरीचं उत्तर मिळत नाही, आणि मुलाच्या बाबतीत खरी गोम दुसरीत असायची शक्यता मला जास्त वाटते. म्हणून थोडं मुळापासून सांगते.

आरशासमोर उभ्या राहा आणि वरच्या जबड्याच्या मध्यापासून एका बाजूला मोजा. दोन पटाशीचे दात, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. आठ. अशा चार बाजू, म्हणून ३२. तुमच्या मुलीचे प्रत्येक बाजूला सातच भरतील. आता आपल्या कुळागरात येऊन नारळ पाडणारी माकडं आठवा. त्यांचीही मांडणी हीच आहे: दोन, एक, दोन, तीन. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, सगळ्यांची हीच. दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक माकडांना मात्र प्रत्येक बाजूला तीन उपदाढा असतात. म्हणजे ३२ दातांचा हा ठेवा आपल्याला आफ्रिका-आशियातल्या माकडांबरोबर वाटून घेतलेल्या एका फार जुन्या पूर्वजाकडून आलाय, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीच्या. आजच्या माकडांपासून माणूस झाला असं नाही. ती आपली लांबची चुलत भावंडं.

आता जिभेचं टोक खालच्या पहिल्या दाढेवर फिरवा, चांदी भरलेली नसेल तर. उंचवटे लागतील, बहुतेकांना पाच. त्यांच्यामधली खाच इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटलेली असते. माकडांच्या त्याच दाढेवर चार उंचवटे, दोन-दोन जोडून झालेल्या आडव्या कडांसारखे. पाच उंचवटे आणि वायसारखी खाच ही वानरकुळाची खूण: गिबनपासून चिंपांझीपर्यंत आणि आपण. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या तोंडात आरसा घालते तेव्हा ही खाच दिसते, आणि अजूनही मला क्षणभर थांबायला होतं. दीड-दोन कोटी वर्षांची ओळख त्या एवढ्याशा खाचेत आहे.

आपल्यात आधी काय बदललं? सुळा. चिंपांझीचा वरचा सुळा लांब असतो आणि तोंड मिटलं की खालच्या उपदाढेवर घासून त्याला धार लागते. आपला सुळा शेजारच्या दातांपेक्षा किंचित उंच, बास. इथिओपियात सापडलेल्या, सुमारे ४४ लाख वर्षांपूर्वीच्या आर्डिपिथेकस या आपल्या वंशातल्या जुन्या जातीचा सुळा तेव्हाच लहान झालेला होता. म्हणजे मेंदू मोठा व्हायच्या कितीतरी आधी आपल्या वंशातले लोक दोन पायांवर चालायला लागले होते आणि त्यांचे सुळे बोथट झाले होते. टांझानियातल्या लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेले पावलांचे ठसे सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांचे आहेत. टाच, तळव्याची कमान, पुढे वळलेला अंगठा, सगळं ओळखू येतं.

दाढा मात्र आधी लहान झाल्या नाहीत, मोठ्या झाल्या. १९५९ साली मेरी लीकी यांना टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत एक कवटी मिळाली, सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची. तिच्या दाढा एवढ्या थोराड, की तिला "अडकित्त्या माणूस" म्हणावं असं इंग्रजी टोपणनावच पडलं. ती आपली थेट पूर्वज नव्हे, बाजूची फांदी. पण त्याच काळात आपल्या फांदीवर उलटं घडत होतं. दगडाची हत्यारं आली, मांस कापून खाणं आलं, कंद ठेचणं आलं. २०१६ साली कॅथरीन झिंक आणि डॅनियल लीबरमन यांनी माणसांना खरोखर कच्चे कंद आणि कच्चं मांस चावायला देऊन मोजणी केली. आहारात एक तृतीयांश मांस असेल, ते कापलेलं आणि कंद ठेचलेले असतील, तर चावण्याची संख्या १७ टक्क्यांनी आणि लागणारा जोर २६ टक्क्यांनी कमी होतो. यात चुलीचा संबंध नाही, नुसतं कापणं आणि ठेचणं. आपल्या स्वयंपाकघरातली विळी आणि रगडा दाढांचंच काम तोंडाबाहेर करतात, असं मला तेव्हापासून वाटतं.

मग चूल आली. नेमकी कधी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण आपल्या गोंयकारांना आवडेल असा एक पुरावा सांगते. इस्राएलमध्ये जॉर्डन नदीकाठी गेशर बेनोत याकोव्ह नावाचं ठिकाण आहे. तिथे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचे मोठ्या कार्प माशांचे दात ढिगाने सापडले, पण काटे जवळजवळ नाहीत. दातांच्या इनॅमलचे स्फटिक तपासले तेव्हा कळलं, की ते मंद आचेवर तापले होते. आगीत पडले असते तर उष्णतेच्या खुणा वेगळ्या दिसल्या असत्या. मासे शिजवले होते. शिजवलेल्या मासळीला दाढा फारशा लागतच नाहीत. चिंपांझी दिवसाचे जवळजवळ सहा तास चावण्यात घालवतो; आपलं सगळं मिळून एक तासही होत नाही. एवढं काम कमी झाल्यावर थोराड जबडा आणि मोठ्या दाढा बाळगायचं कारण उरलं नाही. लहान जबड्याच्या माणसाचं काही बिघडेना, त्यालाही मुलंबाळं होऊ लागली, आणि पिढ्यांमागून पिढ्या चेहरा आखूड होत मेंदूच्या खाली सरकला.

मोरोक्कोतल्या जेबेल इरहुद इथल्या हाडांचं वय २०१७ साली सुमारे ३ लाख वर्षं ठरलं. ती आपल्याच जातीची, होमो सेपियन्सची, आजवरची सगळ्यात जुनी मानली जातात. त्यांचा चेहरा तुमच्या-माझ्यासारखा आखूड आहे, कवटी मात्र अजून मागे लांबट. आपल्यासारखी गोल नाही. चेहरा आधी आपला झाला, डोक्याचा गोलावा नंतर आला. आणि एक हाड असं आहे जे माणसाच्या इतर कुठल्याच जातीत नाही: हनुवटी. बोटाने चाचपून बघा, खालच्या दातांच्या मुळांच्याही पुढे आलेला तो टणक उंचवटा. निअँडरथाल माणसाचा मेंदू आपल्याएवढा मोठा होता, पण जबडा पुढून सरळ मागे उतरत गेलेला. हनुवटी कशासाठी आली यावर एकमत नाही. चेहरा आत सरकला आणि खालची कड मागे राहिली, एवढंच कारण असावं, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी आहे.

आता अक्कलदाढेकडे. तिचं नावच सांगतं की ती उशिरा येते, आणि हा उशीर आपल्या जातीची मोठी खूण आहे. आपली पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, चिंपांझीची तिसऱ्या-चौथ्या वर्षी. त्याची शेवटची दाढ अकरा-बारा वर्षांला येऊन मोकळी होते, आपली सतरा ते एकवीस किंवा त्याही पुढे. बालपण लांबलं, शिकायला वर्षं मिळाली, आणि दातांचं वेळापत्रकही तसंच लांबलं.

हे दातांवरून कळतं कसं, ते मला फार सुंदर वाटतं. इनॅमल तयार होताना त्यात रोजची एक सूक्ष्म रेघ पडते, झाडाच्या खोडात वर्षाचं कडं पडतं तशी, पण दिवसाची. बाळ जन्मतं त्या दिवसाची रेघ इतरांपेक्षा ठळक असते. दुधाच्या दातात आणि पहिल्या पक्क्या दाढेत ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. दक्षिण आफ्रिकेत १९२४ साली टाँग इथे एका मुलाची कवटी मिळाली, रेमंड डार्ट यांनी ती जगापुढे आणली. पहिली दाढ नुकतीच वर येत होती, म्हणून मूल सहा वर्षांचं असणार असं आपल्या हिशेबाने धरलं गेलं. पुढे दातांच्या वाढीचा अभ्यास झाला आणि वय निघालं साडेतीन-चारच्या आसपास. त्या मुलाचं बालपण वानरांच्या वेगाने सरत होतं. आपल्यासारखं लांब बालपण त्याला मिळालेलंच नव्हतं.

तर अडचण इथे आहे, ताई. अक्कलदाढेचा कोंब आठव्या-नवव्या वर्षी हाडात धरतो आणि ती बाहेर यायला बघते तेव्हा जबड्याची वाढ बहुतेक झालेली असते. बाकीच्यांनी जागा घेतलेली असते. बसमध्ये शेवटच्या थांब्यावर चढणाऱ्याला जी जागा मिळेल ती. मिळाली तर उभी येते. कमी पडली तर कलते, आडवी होते, अर्धी हिरडीखाली राहते.

आता मुलीबद्दल. "दाढ नाही म्हणजे माणूस पुढे गेला" हे मनातून काढून टाका. जगभरात पाचातल्या एकाला तरी निदान एक अक्कलदाढ जन्मतःच नसते, म्हणजे यात नवल काही नाही. आणि हे आजचंही नाही. चीनमध्ये लान्तियानजवळ चेनजियावो इथे १९६३ साली सापडलेल्या होमो इरेक्टस या जुन्या मानवजातीच्या जबड्यात खालच्या दोन्ही अक्कलदाढा मुळातच नाहीत. तो जबडा काही लाख वर्षांचा आहे. उलट निअँडरथालच्या जबड्यात अक्कलदाढेच्या मागेही मोकळी जागा असे. त्याच्याकडे जागा होती, म्हणून तो मागासलेला ठरत नाही. कुठल्या दाताचे किती कोंब धरतील हे ठरवण्यात जनुकांचा मोठा वाटा आहे. पीएएक्स-९ आणि एमएसएक्स-१ या दोन जनुकांत बिघाड झाला तर काही घराण्यांत मागच्या दाढा किंवा उपदाढा येतच नाहीत, हे १९९६ ते २००० च्या दरम्यान लक्षात आलं. तुमच्या मुलीच्या अंगी असं काही आहे असं मी म्हणत नाही. नुसती अक्कलदाढ नसणं हे निरोगी शरीरातलं साधं वेगळेपण आहे, हाताच्या बोटांची लांबी कमी-जास्त असते तसं.

"वापर नाही म्हणून निसर्गाने काढून घेतली," असं खूप जण म्हणतात. तेही तसं होत नाही. वापरली नाही म्हणून एखादी गोष्ट मुलांच्या अंगातून जात नाही. गाईचे कान पिढ्यान्‌पिढ्या टोचले तरी वासरू अखंड कानांनीच जन्मतं. बदल जनुकात आधी योगायोगाने होतो. ज्यांच्यात तो झाला त्यांचं त्यामुळे काही अडलं नाही, किंवा थोडा फायदा झाला, तर तो पुढच्या पिढ्यांत पसरत जातो. औषधं नव्हती तेव्हा अडकलेल्या दाढेचा पू गळ्यात उतरून माणूस दगावत असे. त्या काळात दाढ नसलेल्याला थोडा फायदा झालाही असेल. आज प्रतिजैविकं आहेत, भूल आहे, म्हणून तो फायदाही फारसा उरलेला नाही. आठळ्या भाजण्याऐवजी मऊ इडल्या खाल्ल्या म्हणून दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. सासरे, नवरा आणि मुलगा, यांच्यात तीन पिढ्या आहेत. उत्क्रांतीच्या हिशेबात तो एक श्वासही नाही.

मग सासऱ्यांच्या तोंडात ३२ दात सुखाने बसले आणि नातवाच्या तोंडात दाढ अडकली, ते कसं? इथे मी माझ्या अनुभवावर येते.

काही वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून आजोबा आणि नातू एकाच दिवशी आले. आजोबांना एका कोपऱ्यात कळ मारत होती, नातवाला दात सरळ करायचे होते. दोघांच्याही वरच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे घेतले आणि वाळल्यावर शेजारी ठेवले. आजोबांचे दात माथ्यावर सपाट झिजलेले, दाढांवरचे उंचवटे जाऊन पिवळसर गोल उरलेले, कमान रुंद, अक्कलदाढा उभ्या आणि झिजलेल्या, म्हणजे आयुष्यभर वापरलेल्या. नातवाच्या दाढांवर उंचवटे जसेच्या तसे, कमान अरुंद, पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले. मी कंपासने दोघांच्या पहिल्या दाढांची रुंदी मोजली: दाढ दाढेला जवळजवळ बरोबर. दातांचं माप आजोबांकडून नातवाकडे उतरलं होतं. वाढला नव्हता तो जबडा.

दातांचं माप हाडाच्या आत, चावायला लागण्याआधीच ठरून जातं. इनॅमल एकदा तयार झालं की वाढत नाही. जबड्याचं हाड मात्र जिवंत असतं, ताण पडेल तसं वाढतं. लीबरमन यांच्या गटाने २००४ साली हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्यांवर प्रयोग केला. काहींना शिजवून मऊ केलेलं खाणं, काहींना तेच कच्चं, कडक. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याचा खालचा आणि मागचा भाग साधारण दहा टक्क्यांनी कमी वाढला. १९८० च्या दशकात रॉबर्ट कोरुचिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंदीगडची आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं तपासली. वंश एकच, शहरात मऊ खाणाऱ्यांचे दात खेड्यातल्यांपेक्षा जास्त वाकडे निघाले. २०११ साली नोरीन फॉन क्रामोन-टाउबाडेल यांनी जगभरच्या कवट्या मोजल्या तेव्हा शिकारीवर जगणाऱ्यांचे खालचे जबडे लांब आणि शेतकऱ्यांचे आखूड निघाले.

झिजेचाही वाटा आहे. कडक, रेताड खाणं चावताना शेजारी-शेजारी असलेले दात एकमेकांवर घासतात, मधल्या बाजू झिजतात, आणि सगळी रांग हळूहळू पुढे सरकते. रेमंड बेग या ऑस्ट्रेलियन दंतवैद्यांनी १९५४ साली तिथल्या आदिवासींच्या दातांवरून हे दाखवलं: या झिजेने मागे जी जागा तयार होते, त्यात अक्कलदाढ सरळ उतरते. सत्तरीहून आलेल्या त्या आजोबांच्या दातांच्या मधल्या बाजू मी बघितल्या, अगदी सपाट होत्या. अडकलेली दाढही अगदी आजची नाही म्हणा. फ्रान्समध्ये काप ब्लांक इथे १९११ साली सापडलेल्या बाईच्या सांगाड्यात अक्कलदाढ अडकलेली आहे, आणि ती १३ ते १५ हजार वर्षांपूर्वी जगली. तेव्हाही कुणाकुणाला जागा कमी पडत असे. सर्रास पडायला लागली ती अलीकडे.

एक सावधगिरी. सासऱ्यांचे ३२ दात बघून "जुनं ते सोनं" असं लगेच म्हणू नका. त्यांच्या वयाच्या ज्यांचे दात पन्नाशीतच पडले, ते कवळी लावून बसलेत किंवा आज हयात नाहीत. ते आपल्याला मोजताना आठवत नाहीत. तंबाखूने हिरड्या गेलेली माणसं त्याच पिढीतली मी शेकड्यांनी बघितलीत. शिवाय दोन साचे शेजारी ठेवणं हा पुरावा नव्हे. पुरावा वरच्या मोजण्यांतून येतो, साच्यांनी मला तो नीट समजला एवढंच. आणि जबडा अरुंद राहायला खाणं हेच एक कारण नसतं. आई-वडिलांकडून आलेली ठेवण असते, नाक चोंदून सतत तोंडाने श्वास घेणं असतं, दुधाच्या दाढा किडून लवकर काढाव्या लागणं असतं. तुमच्या मुलाला यातलं काय लागू आहे, हे मला इथून सांगता येणार नाही.

लहान मुलं असलेल्या घरात मी एवढंच सांगते: दाढा आल्या की चावायला द्या. चहात बुडवून मऊ केलेला पाव आणि भाताची पेज हेच रोजचं जेवण झालं तर जबड्याला काम कुठलं? पोदेराकडचं (पाववाल्याकडचं) कडक कांकण, म्हणजे बांगडीच्या आकाराचा पाव, नारळाची कातळी, गाजर, पेरू, उसाचा कांडा, नाचणीची भाकरी, मोड आलेल्या चण्यांची कमी शिजवलेली उसळ, यांत काम आहे. शेंगदाणे, अख्खे चणे असलं काही चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतं. यामुळे अक्कलदाढ नक्की सरळ येईल असं वचन मी कुणाला देत नाही. १९ व्या वर्षी कांकणं चावून मात्र काही होणार नाही. जबड्याची वाढ तोवर संपलेली असते, त्यामुळे मुलाला आता कडक खायला लावण्यात अर्थ नाही.

आता मुलाची दाढ. ती काढायची की नाही हे तिच्या जागेवर आणि तिने काय त्रास दिला यावर ठरतं, उत्क्रांतीवर नाही. हाडात पूर्ण झाकलेली, गप्प बसलेली, शेजारच्या दाढेला न दुखवणारी अक्कलदाढ मी काढत नाही. वर्ष-दोन वर्षांनी एक्स-रे काढून लक्ष ठेवते. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना देणाऱ्या नाइस या संस्थेनेही २००० साली निरोगी अडकलेल्या दाढा नुसत्या भीतीपोटी काढू नयेत असं सांगितलं. त्याच सूचनेत असंही आहे, की हिरडीची सूज पहिल्यांदा आली आणि फार जोराची नसली तर थांबता येतं. दुसऱ्यांदा आली तर दाढ काढायला ते पुरेसं कारण आहे. तुमच्या मुलाला सहा महिन्यांत दोनदा सूज आली. अर्ध्या वर आलेल्या दाढेवर हिरडीची झडप राहते, तिच्याखाली अन्न साचतं, ब्रश पोचत नाही, आणि जंतू तिथेच घर करतात. तिसरी सूज येईल की नाही यापेक्षा कधी येईल, एवढाच प्रश्न उरतो. मीही काढायलाच सांगितलं असतं.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, दाढेची मुळं खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या किती जवळ आहेत? ओपीजीवर मूळ नसेच्या नळीवर चढलेलं दिसत असेल तर सीबीसीटी, म्हणजे तिन्ही बाजूंनी दाखवणारा स्कॅन, काढून मगच हात घालावा. क्वचित ओठ काही आठवडे किंवा महिने बधिर राहतो. फार थोड्यांचा कायमचा राहतो, तो धोका आधी सांगितला पाहिजे. दोन, आडव्या दाढेने पुढच्या दाढेला मागून कीड लावली आहे का? ती दाढ सत्तर वर्षं वापरायची आहे, तिला जपायचं आहे. १९ व्या वर्षी हाड लवचिक असतं, मुळं पूर्ण व्हायची असतात, जखम लवकर भरते. पस्तिशीत हेच काम जड जातं. सूज उतरल्यावर काढायची, सूज असताना नाही. तोवर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मागे मऊ ब्रश. ताप आला, गिळायला त्रास झाला, तोंडाच्या तळाला किंवा गळ्याला सूज आली, तर वाट न बघता त्याच रात्री इस्पितळात न्या.

"देवाने दिलेला दात" या तुमच्या शब्दांबद्दल. ते मला कळतं, माझी आईही हेच म्हणायची. बलुचिस्तानात मेहरगड इथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने भोकं पाडलेली सापडली, आणि भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत. म्हणजे ती माणसं दाढ कोरून घेतल्यावरही जगली, जेवली. दुखऱ्या दाताला हात लावण्याची आपली परंपरा शेतीइतकी जुनी आहे. दुखणारा दात काढण्यात देवाचा अवमान नाही, असं मी आईलाही सांगितलं होतं, आणि तिने मग खालची दाढ काढून घेतली.

राहिला नातवंडांचा प्रश्न. मुलीकडे दाढांचे कोंब नाहीत, ते तिच्या जनुकांमुळे असेल तर त्यातला अर्धा वाटा तिच्या मुलांकडे जाईल. उरलेला अर्धा वडिलांकडून येईल. त्यामुळे एखाद्याला चारही दाढा येतील, एखाद्याला दोन, एखाद्याला एकही नाही. आधी सांगता येत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत कोंब दिसला नाही तरी घाई करू नका, काहींचा बाराव्या-तेराव्या वर्षी धरतो. चौदाव्या वर्षी ओपीजी काढा, तेव्हा नक्की कळेल.